झाडाची उंची उणे सव्वापंधरा मीटर

वहीतलं उत्तर मी दोनदा वाचलं. झाडाची उंची −15.26 मीटर. चौघांचा गट, चौघांची नावं, उत्तराखाली दोन रेघा. झाड जमिनीच्या खाली वाढतंय याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं, कारण उत्तर स्प्रेडशीटने दिलं होतं.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात एक नियम आहे. बटण दाबायच्या आधी अंदाज वहीत लिहायचा, आणि तोही पेनाने. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज नंतर गुपचूप खोडला जातो, हे मला अनुभवाने कळलंय.

उंची मोजण्याचा हा तास मी दर वर्षी घेते. पुस्तकातल्या उदाहरणांत उन्नतकोन, म्हणजे शेंडा बघायला नजर आडव्या रेषेपासून जितकी वर उचलावी लागते तो कोन, नेहमी 30, 45 किंवा 60 अंशांचा असतो आणि उत्तर सरळ किंवा वर्गमूळ तीनच्या पटीत सुबक निघतं. बाहेर उभं राहिलं की कोन 37 येतो, 52 येतो. ही चिडचिड मुलांना होऊ द्या, तिथूनच त्रिकोणमितीचा उपयोग सुरू होतो.

आधी फोन नको. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मधल्या बिंदूतून दोरा सोडा, टोकाला खोडरबर बांधा. स्ट्रॉमधून झाडाचा शेंडा बघायचा आणि शेजारच्याने दोरा कुठे आला ते वाचायचं. दोऱ्यावर वाचलेला कोन 90 मधून वजा केला की उन्नतकोन मिळतो. ही वजाबाकी निम्मे गट विसरतात. सांगू नका, अंदाजाशी ताडून त्यांनाच सापडू दे. मग फोनमधल्या कोन मोजणाऱ्या अ‍ॅपने तेच करा. चौघांत एक फोन पुरतो: एक नेम धरतो, एक वाचतो, एक लिहितो आणि एकाचं काम फक्त शंका काढायची. हे चौथं काम बडबड्या मुलाला द्या.

समजा झाडापासून 15 मीटरवर उभे आहात, डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आणि कोन 40 अंश. टॅन म्हणजे डोळ्यांच्या वरची उंची भागिले अंतर. टॅन 40 म्हणजे 0.8391, त्याला 15 ने गुणलं की 12.59, म्हणून उंची 12.59 अधिक 1.5, साधारण 14.09 मीटर. आता विचारा, हात जरा हलला असता तर? 39 अंशांना 13.65 येतं, 41 अंशांना 14.54. एका अंशाच्या चुकीने उंची जवळजवळ अर्धा मीटर इकडे-तिकडे होते. मग उत्तर दशांशचिन्हापुढे दोन घरं लिहिण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न शंकेखोर मुलाकडूनच येतो. नाही आला तर तुम्ही विचारा. त्या दिवशी माझा अर्धा तास यातच जातो आणि मी तो जाऊ देते.

यानंतर स्प्रेडशीट. टॅनच्या कंसात 40 लिहिलं की ती बिनदिक्कत −1.117 देते आणि झाड जमिनीत जातं. स्प्रेडशीट कोन अंशात नाही, रेडियनमध्ये समजते. रेडियन अजून शिकवलं नसेल तर एवढंच सांगा की कोन मोजायचं हे दुसरं एकक आहे, आणि 40 हा आकडा आधी रेडियन्स या फंक्शनच्या कंसात घालायला लावा. उत्तर 14.09 वर येतं. पण हा खड्डा आधीच बुजवू नका. अंदाज पेनाने लिहिलेला असेल तर मुलं स्वतःच थबकतात. माझ्या त्या गटाने अंदाजच लिहिला नव्हता, आणि तो मी मागितलाही नव्हता.

आता जिओजेब्राबद्दल, म्हणजे आकृत्या आणि आलेख काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल. मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाच्या कामातून ते सुरू केलं. नावातच भूमिती आणि बीजगणित दोन्ही आहेत, तेव्हा समीकरण आणि आकृती दोन्ही पडद्यावर एकदम दिसू द्या. सुरुवातीला मी तयार फाइल लावून स्वतःच स्लायडर, म्हणजे आकडा कमी-जास्त करायची पट्टी, फिरवत बसायचे. मुलं पिक्चर बघितल्यासारखी बघायची आणि घरी जायची.

आता असं करते. ए एक्स वर्ग अधिक बी एक्स अधिक सी हा आलेख कोऱ्या फाइलवर मुलांकडून टाइप करून घ्यायचा. अक्षरांमध्ये गुणाकाराचं चिन्ह टाकलेलं बरं. ए फिरवला की पॅराबोला, म्हणजे तो वाटीसारखा वक्र, उघडतो-मिटतो, सी फिरवला की वर-खाली जातो. हे पाच मिनिटांत उरकतं. बी फिरवण्याआधी मात्र थांबा. काय होईल ते लिहा, म्हणा. बहुतेक जण लिहितात, डावीकडे-उजवीकडे सरकेल. सरकतो तर खरा, पण खालीही घसरतो! शिरोबिंदूचे, म्हणजे वक्राच्या टोकाचे, सहनिर्देशक सूत्राने टाका, त्या बिंदूचा ट्रेस, म्हणजे मागे ठिपके सोडणं, चालू करा आणि बी सावकाश फिरवा. ए 1 आणि सी 0 असेल तर ठिपक्यांतून उलटा पॅराबोला उमटतो. कारण विचारा. एक्स शून्य असताना बी काहीही असला तरी आलेख सी पाशीच उभ्या अक्षाला छेदतो, जणू तिथे खिळा ठोकलाय आणि सगळी वक्ररेषा त्या खिळ्यावरून सरकतेय. उलट्या पॅराबोलाचं समीकरण मात्र फळ्यावर हाताने काढायला लावा.

संभाव्यतेसाठी एकच खेळ पुरे. अर्ध्या वर्गाने घरी नाणं खरंच 100 वेळा उडवून निकाल लिहायचे, उरलेल्यांनी मनाने रचायचे. दुसऱ्या दिवशी वह्या चाळून मी खोट्या ओळखते, बऱ्याचदा बरोबर. मनाने रचणारी मुलं सलग पाच छापे लिहायला घाबरतात. खऱ्या 100 उडव्यांत पाच सारखे निकाल सलग बहुतेक वेळा येतातच. मग स्प्रेडशीटला यादृच्छिक 0 आणि 1 पाडायला लावून तेच पुन्हा पुन्हा तपासायचं.

अवयव पाडणं आणि प्रमेयांच्या सिद्धता यांना मी पडदा लावत नाही. तिथे खडूच बरा.

आणि उंचीच्या तासानंतरच्या दिवशी फोन दप्तरात. नवा कोन, नवं अंतर, टॅनचा तक्ता आणि वही. शंकेखोराच्या जागी दुसऱ्या कुणालातरी बसवा.