नाव मोकळं आहे का, ते आधी कानाने तपासा

कापडी पिशव्यांच्या माझ्या कामाला मी 'सावली' नाव दिलं होतं. डोमेन मिळालं, पाचशे टॅग छापून शिवून झाले आणि तीन महिन्यांनी नोटीस आली. 'सावळी' नावाचा ट्रेडमार्क त्याच मालासाठी आधीच नोंदलेला होता. मी शोध घेतला होता, पण फक्त माझ्या स्पेलिंगने. टॅग उसवताना फार वाईट वाटलं. दुसरं नाव ठरवताना जे केलं, ते सांगते.

सगळ्यात आधी कागद घ्या. तुमचं नाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिता येतं ते उतरवा. 'सा'ला एक 'ए' की दोन, 'व'साठी दोनपैकी कोणतं अक्षर, 'व'नंतर 'ए' आहे की नाही, शेवटी 'आय' की दोन 'ई': एकट्या 'सावली'चे असे सोळा प्रकार होतात. त्याखाली उच्चाराने जवळची नावं लिहा आणि अर्थाने जवळचीही, म्हणजे 'छाया'सुद्धा. कारण दोन नावांची तुलना दिसणं, ऐकू येणं आणि अर्थ या तिन्ही बाजूंनी होते. मग कुणाला तरी फोनवर नाव सांगा आणि लिहायला लावा. त्यांनी जे लिहिलं तेही यादीत घ्या.

आता ही पूर्ण यादी ट्रेडमार्कच्या नोंदींत शोधा: आधी आपल्या देशाच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर, नंतर वायपो या जागतिक संस्थेच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये. तो मोफत आहे. नोंदी नीस वर्गीकरणाच्या ४५ वर्गांत असतात, १ ते ३४ वस्तूंचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. पिशव्या १८ मध्ये येतात, पण मी कपड्यांचा २५ आणि विक्रीसेवांचा ३५ हेही पाहिले. वर्ग वेगळा म्हणून निर्धास्त होऊ नका. बीटल्स या बँडची संगीत कंपनी ॲपल कोर आणि संगणकवाली ॲपल यांच्यात १९८१ साली समझोता झाला, संगणकवाल्यांनी संगीतात यायचं नाही असा. पुढे संगणकच संगीत वाजवू लागले आणि वाद २००७ पर्यंत चालला. तुम्ही उद्या काय विकणार आहात, तेही शोधा.

प्रलंबित अर्ज सोडू नका. मुदत संपलेली नोंदही लगेच मोकळी समजू नका, नूतनीकरणाला मुदतीनंतरही काही महिने मिळतात. शिवाय परदेशात अर्ज केलेल्याला ट्रेडमार्क-पेटंटबद्दलच्या पॅरिस करारानुसार सहा महिन्यांच्या आत तुमच्या देशात अर्ज करून परदेशातल्या पहिल्या अर्जाचीच तारीख मागता येते, म्हणजे तो तुमच्या आधीचा ठरू शकतो. म्हणून छपाईच्या आदल्या दिवशी शोध पुन्हा घ्या.

कंपनी नोंदणीत नाव मंजूर झालं किंवा डोमेन मिळालं, तरी ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. हे दोन्ही तपासा, पण यांवर विसंबू नका.

नोंदणी न करता नाव वापरणारेही असतात आणि बऱ्याच देशांत निव्वळ वापरानेही हक्क तयार होतो. सर्च इंजिन, समाजमाध्यमं, ऑनलाइन बाजार इथे यादीतलं प्रत्येक नाव टाका, जे सापडेल त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा.

जवळचं काही निघालं, तर ते सगळं घेऊन ट्रेडमार्कच्या वकिलाकडे जा. मी दोन नावं तिथेच सोडली. तिसऱ्याचा अर्ज दाखल केला, मगच टॅग छापायला दिले. या वेळी शंभरच.