जुना नकाशा जागेवर बसत नाही? या चुका टाळा

जुना नकाशा स्कॅन केला, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर चढवला आणि रस्ते नदीत उतरले. अशा वेळी जुन्या नकाशाकाराला बोल लावायची घाई नको. बहुतेकदा घोळ आपणच घातलेला असतो.

आधी नियंत्रण बिंदू तपासा, म्हणजे जुन्या आणि आजच्या नकाशावर जुळवलेल्या एकाच ठिकाणाच्या खुणा. सगळे बिंदू एकाच कोपऱ्यात घेतले असतील, तर उरलेला कागद हवा तसा ताणला जातो. ते चहूकडे पसरून घ्या आणि सहसा न हलणाऱ्या गोष्टींवर ठेवा: बुरूज, जुना दगडी पूल, प्रार्थनास्थळ. नदीच्या वळणावर भरवसा नको, नद्या पात्र बदलतात. नकाशा बसवायच्या पद्धतींतली 'थिन प्लेट स्प्लाइन' निवडली की त्रुटी जवळजवळ शून्य दिसते आणि आपण खूश होतो. पण ही पद्धत नकाशा वाकवून प्रत्येक बिंदू जागेवर आणतेच. चुकीचा बिंदूही मुकाट बसतो. म्हणून आधी नकाशा न वाकवणारं साधं 'पॉलिनॉमियल १' लावून बघा, कोणता बिंदू ऐकत नाही ते लगेच कळतं.

अख्खा नकाशाच पूर्व-पश्चिम सरकलाय? मग शून्य रेखांश कुठून मोजलाय ते पाहा. ग्रीनिचवर बहुतेक देशांचं एकमत १८८४च्या वॉशिंग्टन परिषदेत झालं. जुने फ्रेंच नकाशे पॅरिसपासून मोजत, म्हणजे सुमारे २ अंश २० मिनिटांचा फरक. विषुववृत्तावर तो २६० किलोमीटर भरतो.

ठिकाणं भलत्याच खंडात गेली, तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली असणार. जिओजेसन आणि केएमएल या नकाशांच्या फाइल-प्रकारांमध्ये रेखांश आधी लिहितात.

नकाशासोबत घटनांची कालपट्टी जोडली आणि ती उलटसुलट चालते, तेव्हा एक्सेलवर संशय घ्या. १९००च्या आधीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही, तो तिला मजकूर समजतो. वर्ष, महिना, दिवस वेगळ्या रकान्यांत ठेवा. कॅलेंडर कोणतं तेही नोंदवा: ब्रिटनमध्ये १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला.

जुन्या वास्तूचं त्रिमितीय मॉडेल व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून बघताना मळमळ होत असेल तर सरकत चालणं बंद करून टेलिपोर्ट (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी) ठेवा. मॉडेल बाहुलीच्या घराएवढं दिसलं तर एककं बघा: अशी मॉडेल्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी युनिटीत एक एकक म्हणजे मीटर, अनरियलमध्ये सेंटिमीटर.

सगळ्यात मोठी चूक मात्र कुठलंच सॉफ्टवेअर दाखवत नाही. उत्खननात पायाच सापडलाय आणि आपण वर छप्पर, खिडक्या, भिंतींचे रंग सगळं सारख्याच झळाळीने उभं करतो. हेडसेट घातलेल्या माणसाला पुरावा कुठे संपला ते कळणार कसं? मला तर अशी गुळगुळीत मॉडेल्स बघितली की शंकाच येते. अंदाजाचा भाग फिका किंवा पारदर्शक ठेवा, आणि तो अंदाज कशावरून केला ते प्रत्येक भागासोबत लिहा. २००६च्या लंडन चार्टरने, म्हणजे वारशाच्या संगणकीय दृश्यांसाठीच्या तत्त्वांच्या सनदेने, पुरावा आणि अंदाज वेगळे कळावेत हीच अपेक्षा ठेवली आहे. छपराबद्दल दोन मतं असतील तर दोन्ही बनवा आणि बघणाऱ्याला बटण द्या.