पानशेतचा पूर मुलांच्या गोष्टीत आणताना

१२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा माझी आई नऊ वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची. पुराचं विचारलं की ती धरणाबद्दल बोलत नाही. शेजारच्या काकूंनी घाईघाईत तिच्या ओच्यात टाकलेल्या शेंगदाण्यांबद्दल बोलते. रात्री मामाकडे पोचली तेव्हाही ते तसेच होते, एकही खाल्ला नव्हता.

मुलांसाठी अशी गोष्ट लिहायची असेल तर सुरुवात शेंगदाण्यांपासून करा. म्हाताऱ्या माणसाला "पूर कसा होता हो?" असं विचारलंत तर वर्तमानपत्रात आलेलंच ऐकायला मिळेल. घर सोडताना हातात काय होतं, पायात चपला होत्या का, कुणाचा हात धरला होता, हे विचारा. आणि उत्तराला वेळ लागला तर गप्प बसा.

मग कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे खरा घटनाक्रम: आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण, काम अपुरं असतानाच पावसात भरलेलं, आदल्या रात्री वाळूची पोती रचणारे जवान, बुधवारी सकाळी फुटलेलं धरण, ते पाणी खडकवासल्यात येणं, तिथलं एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरणही न टिकणं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरणं. उजवीकडे फक्त तुमच्या गोष्टीतल्या मुलीला त्या त्या वेळी काय ठाऊक आहे ते लिहा. उजवा रकाना बराच वेळ जवळजवळ रिकामा राहील. राहू द्या, गोष्टीतली भीती तिथूनच येते.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मुलगी धरण फुटल्याचा आवाज ऐकून पेठ जागी करत होती. पानशेत पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटर. आवाज येणार कुठून? ते पान मी फाडलं. आता ती शाळेतून घरी येते आणि रस्त्यात माणसं गाठोडी घेऊन उलट्या दिशेनं चाललेली दिसतात. एक जण म्हणतो, "धरण फुटलं." दुसरा म्हणतो, "अफवा आहे, घरी जा." तिला घरीच जायचं असतं. वाचणाऱ्या मुलाचा जीव इथे खरा कासावीस होतो.

जीव कसा वाचतो, हे त्या जागेतूनच आलं पाहिजे. नदीकाठच्या ओंकारेश्वराच्या देवळाजवळ उभे राहा, नदीकडे पाठ करा आणि चालायला लागा. चढ कुठे लागतो ते पायांना कळू द्या. घरांचा तर नीट अभ्यास करा. पेठांतल्या कितीतरी वाड्यांच्या भिंती मातीच्या होत्या. पाणी आलं की माडीवर जाणं शहाणपणाचं वाटतं, पण भिजलेल्या भिंती बसल्या आणि वाडे कोसळले. माडीवर थांबायचं की बाहेर पडायचं, हा त्या दिवसाचा खराखुरा पेच आहे. त्याचं उत्तर नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडी घालू नका. मोठ्यांना चुकू द्या, आजीला देव्हाऱ्यासाठी मागे वळू द्या.

वस्तू तपासा. नवे पैसे १९५७पासून चलनात होते, पण आजीच्या बोलण्यात आणेच असतील. रेडिओ असेल तर वाड्यात एखाद्याकडे. प्लॅस्टिकची पिशवी नको. सामान धोतरात, चादरीत बांधलेलं.

मृत्यू टाळू नका. या पुरात हजाराच्या आसपास माणसं गेली असं सांगितलं जातं. मुलांना हा आकडा सोसतही नाही, समजतही नाही. रोज सकाळी दारासमोरून खाकरत जाणारे एक आजोबा आधीच्या पानांत दोनदा आणा. पुरानंतर ते खाकरणं ऐकू येत नाही, एवढं पुरे.

आणि गोष्ट पाणी ओसरल्यावर संपवू नका, ही माझी कळकळीची विनंती. तिसरा हिस्सा तरी नंतरच्या दिवसांना द्या. खडकवासला गेलं म्हणजे नळाचं पाणीही गेलं. सगळं गाव भिजलंय आणि प्यायला पाणी नाही, हे ऐकून माझ्या वर्गातली मुलं हमखास थबकतात. मग घरातला गुडघाभर गाळ, त्याचा वास, फुगलेलं दप्तर, भिजून आंबलेले तांदूळ. पुढे गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहतीत नवा पत्ता, आणि जुनी मैत्रीण दुसऱ्याच टोकाला.

शेवटी खरं किती, रचलेलं किती, हे एका पानात मुलांना सरळ सांगा. मुलगी कल्पित, तारीख खरी, वाळूची पोती खरी.

छापायला देण्याआधी चौथीच्या वर्गात मोठ्यानं वाचा, हाताशी पेन्सिल ठेवून. मुलं चुळबुळतात तिथे खूण करा, तिथे बहुधा तुम्ही माहिती देत बसलेले असता. मध्येच प्रश्न आला तर तोही लिहून घ्या. माझ्याकडे पहिला प्रश्न आला होता, "बाई, वाड्यातल्या मांजरीचं काय झालं?" मी तिला दुसऱ्या प्रकरणात आणून विसरले होते. घरी येऊन आईला विचारलं. तिला आठवत होतं.