सकाळी ठरवायला काही उरू नये: लहान मुलांच्या शाळेची तयारी

तीन ते आठ-नऊ वर्षांची मुलं ज्या घरात आहेत, त्यांच्यासाठी ही यादी आहे. ती आदल्या दिवशी दुपारी सुरू होते, मूल शाळेतून घरी येतं तेव्हा. सकाळी आवाज चढतात ते बहुतेक वेळा काम जास्त असल्यामुळे चढत नाहीत, ऐन वेळी काहीतरी ठरवावं लागल्यामुळे चढतात. दात घासायला दोन मिनिटं पुरतात, पण कोणते मोजे घालायचे, डब्यात काय द्यायचं, चित्रकलेची वही आज न्यायची की उद्या, यात किती वेळ गेला ते कळतही नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावायचा: हे आधी ठरवून ठेवता येईल का? येत असेल, तर सकाळी त्यावर चर्चा नाही.

मूल घरी आलं की दप्तरातून डबा आणि बाटली लगेच बाहेर काढायची, आणि त्याच हाताने शाळेची डायरी आणि सुटे कागद बघायचे. सही हवी असेल तर तिथल्या तिथे करून कागद परत दप्तरात. ‘उद्या रंगीत कागद आणा’ हे दुपारी कळलं तर आणता येतं, रात्री दहाला कळलं तर सकाळ बिघडलीच. दप्तर भरायचं ते रात्रीच्या जेवणाआधी, वेळापत्रक समोर ठेवून. तुम्ही विषय वाचा आणि मुलाने वही आत ठेवावी. पाच वर्षांच्या मुलालाही हे जमतं, आणि स्वतः भरलेलं दप्तर त्याला आठवतं. न लागणारी पुस्तकं त्याच वेळी बाहेर काढावीत. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 ते 20 टक्क्यांपलीकडे जाऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. 20 किलोच्या मुलाला 10 टक्क्यांचा हिशेब लावला तर सगळं मिळून 2 किलो होतं, आणि भरलेली बाटली नि डबा यांनीच त्यातला बराच भाग खाल्लेला असतो.

कपड्यांचा पूर्ण संच एका जागी काढून ठेवा. पूर्ण म्हणजे आतले कपडे, मोजे, रुमाल, केसांचे रबर, पट्टा, सगळं. तुटलेलं बटण आणि ओला राहिलेला मोजा रात्रीच सापडायला हवा. काही मुलांना मोज्याची शिवण बोटांना टोचते आणि त्यावरून रोज रडारड होते. तो हट्ट समजू नका, त्यांना ते खरंच सहन होत नाही. मोजा उलटा करून घातला तरी कित्येकदा भागतं. बुटांची नाडी बांधता येत नसेल तर तोवर वेल्क्रोचे बूट चालतील. नाडी शिकवायची ती सुट्टीच्या दिवशी, दारात उभं राहून नाही.

डब्यात काय द्यायचं ते आठवड्याचं एकदाच ठरवून लिहून ठेवावं. डब्याचं झाकण मूल स्वतः उघडू शकतं का, हे घरी दोन-चारदा बघून घ्या. झाकण न उघडल्यामुळे डबा तसाच परत येणं अजिबात दुर्मीळ नाही. आणखी एक गोष्ट तपासायची: डबा भरण्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत किती वेळ जातो? शिजवलेलं किंवा दुधाचं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि 32 अंशांच्या वरच्या उकाड्यात एका तासापेक्षा जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. मधली सुट्टी त्यानंतर होत असेल तर टिकाऊ पदार्थ द्या, नाहीतर इन्सुलेटेड पिशवीत आइस पॅक ठेवा. तो पॅक रात्रीच फ्रीझरमध्ये गेला पाहिजे.

आता झोप. या यादीतलं फक्त एकच काही करायचं ठरवलंत, तर हे करा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 साली दिलेल्या शिफारशीनुसार 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून 24 तासांत 10 ते 13 तास, आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. हा हिशेब उलटा करून बघा. सहा वर्षांच्या मुलीला साडेसहाला उठायचं असेल तर नऊ तासांसाठी ती साडेनऊला गाढ झोपलेली हवी. पण नऊ तास ही खालची मर्यादा आहे. दहा तास धरले तर साडेआठ, आणि अंथरुणात पडल्यावर डोळा लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात, म्हणजे दिवा सव्वाआठला मालवायला हवा. पुष्कळ घरांत तेव्हा जेवणंही उरकलेली नसतात. अशा घरात सकाळचे कितीही उपाय केले तरी मूल कुरकुरतच उठणार, कारण त्याची झोपच पुरी झालेली नसते. सुट्टीच्या दिवशी मूल एरवीपेक्षा दोन तास जास्त झोपत असेल, तर आठवडाभर झोप कमी पडते आहे असं समजा.

झोपेची वेळ एकदम तासभर अलीकडे ओढू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटं सरकवा, आणि उठण्याची वेळही तशीच अलीकडे आणा. झोपायच्या निदान अर्धा तास आधी, जमलं तर तासभर आधी, टीव्ही आणि मोबाइल बंद करून घरातले दिवे मंद करा. प्रखर उजेडात शरीरात मेलाटोनिन उशिरा तयार होतं आणि झोप लांबते. सकाळी उलट करायचं, पडदे उघडून भरपूर उजेड आत घ्यायचा. सुट्टीच्या दिवशीही उठण्याच्या वेळेत तासाभरापेक्षा जास्त फरक नको, नाहीतर आठवड्याच्या पहिल्या दिवशी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं. मोठी सुट्टी संपत आली असेल तर हा बदल शाळा उघडण्याच्या एक-दोन आठवडे आधीच सुरू करावा.

मोठ्यांचीही तयारी असते आणि ती नेहमी मागे पडते. किल्ल्या, पाकीट, चार्ज केलेला फोन आणि ऑफिसची बॅग यांना ठरलेली जागा हवी. घरात दोन मोठी माणसं असतील तर कोण डबा भरणार, कोण मुलाचं आवरणार आणि कोण सोडायला जाणार, हे रात्री स्पष्ट बोलून घ्या. मुलाच्या आधी वीस-तीस मिनिटं उठून स्वतःचं आवरून घ्यावं. स्वतःचे केस विंचरत असताना शांतपणे दुसऱ्याची बटणं लावणं कुणालाच जमत नाही.

उठवताना एक लक्षात ठेवा. जाग आली तरी मेंदू लगेच पूर्ण कामाला लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, सुस्ती राहते. त्या वेळात विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. म्हणून पहिली दहा मिनिटं काही विचारू नका. उजेड, पाठीवरून हात, घोटभर पाणी, दोन मिनिटं मांडीवर. हा वेळ वेळापत्रकात धरूनच गजर लावावा.

वेळापत्रक दारापासून मागे मोजत यावं. सात-चाळीसला बाहेर पडायचं असेल तर साडेसातला बूट आणि सातला नाश्ता. कशाला किती वेळ लागतो ते अंदाजाने लिहू नका. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच या चुकीला नाव दिलं होतं. एक आठवडा घड्याळ लावून मोजा आणि आलेल्या बेरजेत दहा मिनिटं आणखी घाला.

नाश्ता निघण्याच्या निदान अर्धा तास आधी व्हावा, त्याला एक कारण आहे. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालू लागतं, त्यामुळे शी लागायची सर्वांत स्वाभाविक वेळ नाश्त्यानंतरची. नेमकं तेव्हाच आपण मुलाला दाराकडे ढकलतो. शाळेतल्या संडासात जायला बरीच मुलं लाजतात, दिवसभर धरून ठेवतात, मग बद्धकोष्ठ होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पोट दुखतंय’ सुरू होतं. आपल्याला तो शाळा चुकवायचा बहाणा वाटतो. नाश्त्यानंतर पाच-दहा मिनिटं निवांत बसायला द्या. कमोड असेल तर पाय टेकायला बुटकं स्टूल ठेवा. रोज होईलच असं नाही, पण बसणं रोजचं असावं. मला तर ही यादीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वाटते.

‘आवर लवकर!’ ही सूचना लहान मुलाला कळत नाही, कारण त्यात करायचं काय ते नसतंच. ‘पाच मिनिटं राहिली’ हेही पाच वर्षांच्या मुलाला पोकळ असतं. पुढचं आखून त्याप्रमाणे वागण्याचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो, आणि त्याची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. जवळ जा, त्याच्या उंचीला वाका, एका वेळी एकच काम सांगा: ‘आता मोजे.’ चार-सहा चित्रांचा तक्ता भिंतीवर लावला की बोलणं आणखी कमी होतं. चित्रं मुलानेच काढावीत, वेडीवाकडी चालतात. तोंड धुणं, कपडे, नाश्ता, संडास, दात, बूट. दात घासताना सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांचा हात लागतोच, आणि 3 ते 6 वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. वाळूचं घड्याळ असलं तर वेळ डोळ्यांना दिसतो. टीव्ही आणि मोबाइल सकाळी लावूच नये. लावला की बंद करण्याचं भांडण वाढतं.

दाराशी मुलाच्या उंचीवर एक खुंटी आणि खाली बुटांची जागा. निघताना मुलानेच मोठ्याने म्हणावं: दप्तर, डबा, बाटली, ओळखपत्र. निरोप थोडक्यात घ्या, पण घ्या. नजर चुकवून पळू नका, त्याने दुसऱ्या दिवशीची मिठी आणखी घट्ट होते. न्यायला कोण येणार ते सांगा आणि वळा. शाळेच्या दिवशीच पोट दुखतं, सुट्टीला कधीच नाही, असं आठवड्यामागून आठवडे चाललं तर बाईंशी बोला. मुलाला ओरडून त्यातून काही निघत नाही.

आजारपणाचा निर्णयही आधीच करून ठेवायचा. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त, उलटी किंवा जुलाब असेल तर शाळा नाही, आणि त्या दिवशी घरी कोण थांबणार तेही ठरलेलं असावं.

एवढं करूनही कधी गजर वाजत नाही, कधी रात्रभर धाकटा रडतो. त्या दिवसासाठी छोटी यादी वेगळी लिहून ठेवा. आंघोळ राहिली तर चालेल, केस नीट विंचरले नाहीत तरी चालेल. पोटात काहीतरी, संडासाला बसणं, पाण्याची बाटली आणि नीट घेतलेला निरोप हे मात्र वगळायचं नाही. या कागदावर शाळेचा फोन नंबर आणि अडल्यास मुलाला सोडू शकेल अशा माणसाचा नंबर लिहा, आणि कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुम्ही घरी नसताना मुलाचं आवरणाऱ्या माणसालाही तो सहज सापडेल.