चामड्यावरचा शाईचा डाग काढताना या चुका टाळा

आमच्या भावोजींची तपकिरी चामड्याची बॅग रत्नागिरी-चिपळूण एसटीत रोज मांडीवर बसून जायची. एका जूनमध्ये बॉलपेन उघडं राहिलं आणि झाकणाच्या पट्टीवर बोराएवढा निळा डाग पडला. मी शहाणपणा केला. कापसावर भरपूर सॅनिटायझर घेतलं आणि घसाघसा चोळलं. दोन मिनिटांत डाग गेला, पण त्याच्याबरोबर बॅगेचा रंगही गेला. बोराच्या जागी बटाटेवड्याएवढा फिकट, खरखरीत चट्टा उरला. ताई अजून तो विषय काढते.

झालं काय, ते मला नंतर कळलं. बॉलपेनची शाई तेलकट असते आणि सॅनिटायझरमध्ये असतं त्या स्पिरिटमध्ये (अल्कोहोलमध्ये) ती चटकन विरघळते, म्हणून सॅनिटायझरने डाग निघतो ही गोष्ट खोटी नाही. पण बाजारातल्या बहुतेक बॅगा, पाकिटं, सोफे यांच्या चामड्यावर रंगाचा आणि लॅकरचा, म्हणजे वरून दिलेल्या पारदर्शक लेपाचा, पातळ थर असतो. स्पिरिट तोही मऊ करतं. शाई आणि बॅगेचा रंग दोन्ही एकाच कापसावर येतात, आणि चोळणाऱ्याला वाटतं की डागच निघतोय. म्हणून नजर डागावर नको, कापसावर हवी. कापूस निळा होतोय तोवर ठीक. त्यावर तपकिरी छटा दिसली की तिथेच थांबायचं, डाग अर्धा राहिला तरी.

माझी खरी चूक त्याच्याही आधीची होती. हातात काय आहे तेच मी पाहिलं नव्हतं. पट्ट्याच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. अळवाच्या पानावरच्यासारखा तो वर टिकला, तर चामड्यावर लॅकर आहे. शाई बरीचशी वरच बसलेली असते आणि आशा आहे. थेंब अर्ध्या मिनिटात आत मुरला आणि जागा काळपट झाली, तर चामडं उघडं आहे. शाई तंतूंत उतरलेली असते आणि स्पिरिट तिला आणखी आत आणि आजूबाजूला पसरवतं. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेल्या कोल्हापुरी चपला या दुसऱ्या जातीतल्या. त्यांना साधं पाणीही डाग पाडतं, तेव्हा तिथे घरगुती प्रयोग नकोतच. मखमलीसारख्या लव असलेल्या चामड्यावर कोरडं, स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवून पाहा, त्यापुढे जाऊ नका.

आणि ते चामडं आहे ना, हेही बघा. कापलेल्या कडेला आत कापडाचं अस्तर चिकटवलेलं दिसलं, तर बहुधा ते रेक्झिन. रेक्झिनमध्ये बॉलपेनची शाई प्लॅस्टिकच्या आत झिरपत जाते. त्याच दिवशी पुसली तर निघेल, आठवड्याने नाही.

शाई कोणती हेही महत्त्वाचं. फाउंटन पेनची शाई पाण्यातली असते. ओली असताना टिपकागद दाबून टिपली आणि ओलसर फडक्याने पुसली तर बरीच येते. चोळली की पसरते. जेल पेनही पाण्यावरचंच, पण अनेक जेल शायांत रंगाचे न विरघळणारे कण असतात. वाळल्यावर त्यांना स्पिरिट फारसं हलवत नाही, उगाच जोर करू नका. निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेल्या शिक्षकांच्या बॅगेवर कधी बोटाला लावायची शाई सांडते. मतदानात 1962 पासून वापरात असलेल्या, म्हैसूरला बनणाऱ्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. ते उजेडात काळं पडतं. तिथे स्पिरिट, साबण, नवस, काहीही चालत नाही.

लॅकरच्या चामड्यासाठी माझी आताची पद्धत अशी. आधी कोमट पाण्यात शाम्पूचा एक थेंब, आणि त्याचा नुसता फेस फडक्यावर. तेवढ्याने भागलं नाही तरच इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून, नीट पिळून, आधी लपलेल्या जागी आणि मग डागावर, कडेकडून मध्याकडे. प्रत्येक वेळी नवा इअरबड. जुना तीच शाई परत लावतो.

स्वयंपाकघरातली औषधं मात्र कपाटातच राहू द्या. आमच्या आत्याचा हिशेब असा की ज्या आमसुलाने तांब्याचा हंडा लखलखतो त्याने शाई का जाणार नाही? हंडा धातूचा आहे, आत्या. लिंबू, आमसूल यांच्या आंबटाने चामड्याचा रंग उडू शकतो. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिशपेपर. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, आणि चामडं मुळात किंचित आम्लधर्मी, म्हणून दोघांचं जमत नाही. दूध लावलं तर ते रंध्रांत राहून श्रावणात वास मारतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन तर लॅकर सरळ विरघळवतं.

आपल्याकडे खरा घोटाळा डाग निघाल्यानंतर होतो. पावसाळ्यात चार दिवस टॉवेल वाळत नाही, तिथे ओलसर बॅग कशी वाळणार? मग कुणी ती चुलीवर टांगतं, कुणी हेअर ड्रायर लावतं, कुणी उघडीप मिळाली की अंगणात उन्हात टाकतं. झटक्यात तापलेलं चामडं आक्रसतं, कडक होतं, चिरतं. उलट, तशीच कपाटात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर काही दिवसांत पांढरी बुरशी. पंख्याखाली, सावलीत, उघड्यावर ठेवा. आकार राहावा म्हणून आत कागद कोंबतात, पण वर्तमानपत्र नको! ओल्या चामड्यावर छपाईची शाई उतरते आणि आपण परत पहिल्या पायरीवर येतो. जुनं पांढरं सुती कापड उत्तम.

वाळल्यावर खोबरेल चोळायचा मोह आवरा. चामडं काळपट होतं, तेल खवट होतं आणि पावसात बुरशी धरते. चामड्यासाठीचं क्रीम बोटाच्या टोकावर मावेल इतकंच, तेही पूर्ण वाळल्यावर.

रंगच गेला असेल तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून तेवढा भाग रंगवून घ्या, पण आधी आतल्या बाजूला लावून छटा बघायला सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं. भावोजींच्या बॅगेचा तो चट्टा आता उरलेल्या बॅगेपेक्षा जरा गडदच आहे, आणि एसटीत बसल्यावर ते ती बाजू पोटाकडे करतात.