पावसात मुंबईचा फोर्ट भाग बघायला निघताना

बॅग भरायला घेण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभं राहायचं आणि तिथी बघायची. जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण हाती येते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा; प्रत्यक्षात मुंबईत बाराच्या आसपास. त्या दिवसांत उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची मवाळ भरती. सहलीला याच्याशी काय देणंघेणं? तर शहराची पावसाळी गटारं समुद्रात उघडतात. उधाणाला त्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि तेव्हाच वरून धो धो कोसळला तर पाण्याला जायला वाटच उरत नाही. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती यादी फोनमध्ये ठेवा. आमच्या घरी फोर्टचा रविवार शक्यतो अष्टमीजवळचाच धरतात.

मग हवामान खात्याचा इशारा. पिवळा असेल तर निघा, नारिंगी असेल तर मुलांची समजूत काढा, लाल असेल तर भजी तळा. आणि फक्त कुलाब्याचा आकडा बघून खूश होऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. तुम्ही गेटवेपाशी कणीस खात असता तेव्हा कुर्ल्याला रूळ पाण्याखाली असू शकतात. आम्ही डोंबिवलीकर हे एकदा रात्री साडेअकराला घरी पोचून शिकलोय. त्यामुळे माझी सगळी तयारी खरं तर परतीची असते. जायला काय, कोणीही जातं.

रविवारी फोर्ट निवांत असतो, पण मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, कुठल्या मार्गावर आणि किती वाजेपर्यंत, हे शनिवारीच बघून ठेवा. उपनगरांतून येणाऱ्यांनी परतीचं तिकीट सकाळीच काढावं. बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये जाणार असतील तर भेटायचं कुठे तेही घरीच ठरवा. ‘सीएसएमटीला इंडिकेटरखाली’ म्हटलं की पुरे, फोन भिजला तरी चुकामूक होत नाही.

कपड्यांत जीन्स नको. एकदा भिजली की दिवसभर ओली, वर जड. पातळ ट्रॅकपँट किंवा थ्री-फोर्थ बरी. स्लिपरने पाठीपर्यंत चिखलाची नक्षी उमटते आणि ओल्या फरशीवर घसरायला होतं, म्हणून मागे पट्टा असलेली सँडल घाला. मुलांना रेनकोट, मोठ्यांना छत्री. गेटवेच्या वाऱ्यात छत्री उलटी होणार हे धरून चला. टर्किश टॉवेलऐवजी पंचा घ्या. तो पिळला की पुन्हा वापरता येतो. फोन आणि पैशांसाठी दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून ठेवा. यापेक्षा चांगलं वॉटरप्रूफ कव्हर मला दुकानात मिळालेलं नाही. प्रत्येकाचा एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत बांधून बॅगेच्या तळाशी ठेवा आणि परतीच्या गाडीपर्यंत त्याला हात लावू देऊ नका. मुलं दुपारीच मागतात. देऊ नका.

पायाला जखम असेल तर आधी नीट बांधून घ्या आणि साचलेल्या पाण्यात उतरूच नका. लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचं, भय खरं आहे, कारण उंदरांच्या मुतातून येणारे जंतू जखमेवाटे शिरतात. उतरावं लागलंच तर घरी साबणाने पाय धुवा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या.

डब्यात ब्रेडचं काही नको, लगदा होतो. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी चटणी, राजगिऱ्याचे लाडू आणि आजीसाठी थर्मासमध्ये चहा. इराण्याकडे ब्रुन-मस्का खायचा बेत असेल तर रविवारी ते हॉटेल उघडं असतं का ते आधी विचारा.

आता वाट. पावसात ठिकाणं निवडायची ती छपरांच्या हिशोबाने. सुरुवात सीएसएमटीतच करा, कारण तिथे तुम्ही आधीच छपराखाली असता. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत बांधायला १८७८ ला सुरुवात झाली, १८८७ ला ती व्हिक्टोरिया टर्मिनस झाली आणि २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. तिकीट खिडक्यांच्या दालनात मान वर करून छतावरचे तारे बघा. रोज रांगेत उभे राहणारे आपण कधी बघतच नाही. मग बाहेर या. ही इमारत खरं तर पावसातच बघावी. गॉथिक इमारतींत पन्हळीच्या टोकाला प्राण्यांची तोंडं बसवत, छपराचं पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून. आपल्या देवळातल्या गोमुखासारखंच. उन्हाळ्यात ती नुसती शोभेची वाटतात. पावसात मुलांना कामाला लावा: किती तोंडं दिसतात, आणि त्यांतल्या किती जणांच्या तोंडून खरंच पाणी पडतंय? त्यात मोर आणि माकडंही शोधायला सांगा. हे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ ओळखून झाले की अर्धा तास कसा गेला कळत नाही. एक छोटी दुर्बीण असेल तर बॅगेत टाकाच.

तिथून दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौकापर्यंत इमारतींच्या कमानींखालून चालत जाता येतं. रस्ता ओलांडतानाच काय ती छत्री उघडायची. या सलग कमानी म्हणजे जुन्या मुंबईने पायी चालणाऱ्यांवर केलेले मोठे उपकार आहेत. फेरीवाल्यांच्या पथाऱ्यांतून वाट काढावी लागते, ते सोडा. पुढे राजाबाई टॉवर रस्त्यावरूनच दाखवा. उंची ८५ मीटर, १८७८ ला पूर्ण झाला आणि पैसा दिला प्रेमचंद रायचंदांनी, आईचं नाव देऊन. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या मात्र गाळा. तीस पायऱ्या, ओल्या, आणि सोबत आजी.

दुपार छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. १९०५ ला पायाभरणी, १९२२ पासून लोकांसाठी खुलं. जॉर्ज विटेटचं काम, गेटवेही त्याचाच. इथे तीन तास ठेवा, भरती असेल ती इथेच बसून जाऊ द्या. पण सगळी दालनं उरकायच्या मागे लागू नका, मुलं कंटाळली की ओले मोजे आठवतात.

गेटवे शेवटी, पाऊस थांबला असेल तरच. १९११ ला पायाभरणी, १९२४ ला पूर्ण. भिजलेला पिवळा बेसॉल्ट मला कोरड्यापेक्षा जास्त आवडतो. मुलांना कठड्यापासून लांब ठेवा. घारापुरीचा बेत मनातसुद्धा आणू नका. पावसाळ्यात बोटी समुद्राच्या मर्जीवर सुटतात आणि परत यायचं असतं.

निघताना पुन्हा एकदा यादीवरून नजर फिरवा: मेगाब्लॉक, भरतीची वेळ, कोरडे कपडे, दुधाच्या पिशव्या, आजीच्या गोळ्या एका दिवसाच्या जास्त, फोनची बॅटरी. आणि दाराला कुलूप लावण्याआधी बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आत घ्या.