कृष्णेच्या खोऱ्यावरची फेरी : पाचगणीच्या पठारावर धावायला जाताना

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीत शिरले की गावाच्या डोक्यावर जे सपाट पठार दिसते, त्यालाच सारे जण टेबल लँड म्हणतात. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, त्यामुळे पठाराच्या उत्तर अंगाला उभे राहिल्यावर आधी गाव आणि त्यापलीकडे धोम धरणाचे पाणी व कृष्णेचे खोरे सहाशे मीटरहून अधिक खाली पसरलेले असते. डांबरी रस्त्यावर नियमित धावणाऱ्याला डोंगरातली पहिली फेरी करायची असेल, तर सातारा जिल्ह्यात मला हीच जागा सर्वांत योग्य वाटते. मोठा चढ एकदाच लागतो, माथा उघडा असल्याने वाट सहसा चुकत नाही, आणि तरीही कडा, खडक व वारा या तिन्हींशी गाठ पडतेच.

पहिली फेरी धावू नये, चालावी. पठारावर सर्वत्र जांभा खडक आहे. मूळच्या काळ्या बेसाल्टची लाखो वर्षे झीज होऊन त्यातले विरघळणारे घटक पावसाच्या पाण्याबरोबर निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, तेव्हा हा तांबडा, चाळणीसारखा सच्छिद्र थर तयार झाला. त्यात टाच अडकेल एवढी भोके असतात आणि पडल्यास गुडघा खरवडून निघतो. पावसाळ्यानंतर ही भोके गवताखाली झाकली जातात, म्हणून कोणत्या भागात खडक उघडा आहे, कोठे मुरूम आहे आणि कोठे पाणी साचते, हे आधी चालत पाहून ठेवावे.

कडेबाबत एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जांभ्याचा वरचा थर कठीण असतो, पण त्याखालची माती मऊ असल्याने ती आधी झिजते आणि वरचा खडक छज्जासारखा बाहेर लोंबत राहतो. वरून भक्कम दिसणाऱ्या कडेखाली पोकळी असू शकते. पठाराच्या पोटात असलेल्या गुहा पाहिल्या की याची खात्री पटते. म्हणून धावण्याची रेघ कडेपासून किमान पाच-सहा मीटर आत ठेवावी, आणि खोरे पाहायचे असेल तर पूर्ण थांबून, पाय स्थिर करून पाहावे. धावता धावता मान वळवून दृश्य पाहणे हेच अशा वाटांवर पडण्याचे नेहमीचे कारण आहे. फोटोसाठी उलट्या पावलांनी मागे सरकणाऱ्यांविषयी तर काही न बोललेले बरे.

फेरीची दिशाही विचार करून ठरवावी. पहाटे निघणाऱ्याने आधी दक्षिण बाजूने पूर्वेकडे जावे आणि मग उत्तर बाजूने पश्चिमेकडे परतावे. पहिल्या टप्प्यात सूर्य अजून वर आलेला नसतो, त्यामुळे तो डोळ्यांवर येत नाही आणि तेवढ्यात अंगही तापते. परतताना ऊन पाठीवर राहते, समोरचा खडक स्वच्छ दिसतो आणि कृष्णेचे खोरे उजव्या हाताला येते. लवकर निघण्याचा दुसरा लाभ असा, की पर्यटकांना फिरवणारे घोडे तोवर आलेले नसतात. घोडा समोर आलाच तर धावणे थांबवून चालावे, घोडेवाल्याला लांबूनच आवाज द्यावा आणि मागच्या बाजूने जवळून कधीही जाऊ नये.

वेग किलोमीटरवर मोजू नये. रस्त्यावर सहा मिनिटांत किलोमीटर पूर्ण करणाऱ्याला येथे आठ-नऊ मिनिटे लागली तरी त्यात काही कमीपणा नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतका श्वास शिल्लक असला म्हणजे वेग बरोबर आहे. चढावर पावले लहान टाकावीत, आणि श्वास तुटू लागला की हात मांड्यांवर ठेवून सरळ चालावे. उतारावर टाचेने ब्रेक लावण्याची सवय गुडघ्यांवर येते. त्याऐवजी शरीर किंचित पुढे झुकवावे, पावले आखूड व जलद ठेवावीत आणि नजर पायांवर नव्हे, तर दोन-तीन मीटर पुढे असावी.

साताऱ्यात राहणाऱ्यांना तयारीसाठी अजिंक्यताऱ्याचा चढ आणि यवतेश्वर घाट हाताशी आहेत. ज्या घाटात २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावली जाते, तेथे दम वाढतो हे खरे. पण तो डांबरी रस्ता आहे आणि घोट्याला खडबडीत जमिनीची सवय त्याने होत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी पायवाटेवर उतरावे. त्याच रस्त्याने पुढे लागणाऱ्या कासच्या सड्यावर मात्र धावू नये. तेथील वनस्पती इंचभर मातीत जगतात आणि ते पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपला सराव त्याहून मोठा नाही.

ऋतूंमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर जांभ्यावर शेवाळ आणि कडेवर धुके असते, त्या काळात येथे धावूच नये. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत खाली उतरावे. कड्यांना आग्या मोहोळ असू शकते, त्यामुळे अत्तर लावून येऊ नये आणि आरडाओरडा करू नये. माश्या उठल्याच तर हात न झटकता, कडेपासून दूर, तोंड झाकून पळावे.

बुटांचे तळ खोल खाचांचे असावेत. तासाला अर्धा लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ, साखर व लिंबू. खायला चिक्की किंवा खजूर. कंदी पेढा धावताना पोटात जड पडतो, तो खाली आल्यावर खावा. शिट्टी, पहाटेसाठी डोक्याला लावायचा दिवा आणि चार्ज केलेला फोन जवळ असावा. आणीबाणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. एकट्याने जाणार असाल तर परतण्याची वेळ घरी सांगून निघावे.

खाली आल्यावर घोटे आणि पोटऱ्या तपासाव्यात, गोचीड बहुधा मोज्याच्या कडेला चिकटलेली सापडते. मोजे धुण्याआधी कुसळे एकेक करून उपटावीत, कारण धुण्याने ती निघत नाहीत, उलट आत शिरतात आणि पुढच्या फेरीला तळव्याला टोचत राहतात.